मधली वर्षं

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलता बोलता म्हणालीस, "आई, नाटकात बोलावलंय, पण नायकाच्या म्हाताऱ्या आईचं काम आहे. बारा वर्षांनी बोलावलं, तेही म्हातारीसाठी." आणि लगेच मुलांच्या परीक्षेचा विषय काढलास. तुझा आवाज ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. समोरासमोर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

'गुलाबो सिताबो'मधली बेगम आठवते? टाळेबंदीत आपण दोघींनी मिळून पाहिला होता. अमिताभचा मिर्झा हवेलीसाठी जिच्या मरणाची वाट बघत असतो, ती. तू तेव्हा म्हणालीस, "ह्या बाईंचा एक शब्द वाया जात नाही." त्या फर्रुख जफर. तेव्हापासून त्यांच्याबद्दल जे सापडेल ते मी वाचत आलेय.

१९३३ चा जन्म, उत्तर प्रदेशात जौनपूरकडच्या चकेसर गावातला. लग्न होऊन लखनौला आल्या. १९६३ मध्ये तिथल्या आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. १९८१ मध्ये 'उमराव जान'मध्ये रेखाच्या आईचं काम केलं, तेव्हा त्या अठ्ठेचाळिशीच्या आसपास होत्या. त्यानंतर मोठ्या पडद्यावर ठळक दिसल्या त्या थेट २००४ च्या 'स्वदेस'मध्ये. मध्ये तेवीस वर्षं गेली गं! मग 'पीपली लाइव्ह', 'सुलतान', 'सीक्रेट सुपरस्टार'. बेगमच्या कामासाठी २०२१ मध्ये सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं, वयाच्या ८८ व्या वर्षी. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या गेल्या.

लोक ती तेवीस वर्षं रिकामी धरतात. मला ते पटत नाही, कारण आधी रेडिओवर शिकलेलं कुठे जात नाही. रेडिओवर चेहरा नाही, हातवारे नाहीत, जे काही पोचवायचं ते आवाजातूनच. 'पीपली लाइव्ह'मध्ये खाटेवर पडल्यापडल्या त्या सुनेचा उद्धार करतात, तो पुन्हा डोळे मिटून ऐक. सगळी खोली दिसते. माइकसमोर बसून बसून मुरलेला तो आवाज आहे, आणि बोलीतला गोडवा लहानपणी कानावर पडलेला.

आता तुझं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा तीन वर्षं तू त्यांच्या उशाशी होतीस. एकदा तूच मला सांगितलं होतंस की त्यांना तहान लागली तरी पाणी मागायच्या नाहीत. आधी पेल्याकडे बघायच्या, मग तुझ्याकडे, मग चादरीची कड बोटात गुंडाळत बसायच्या. कुणाला त्रास द्यायचा नाही म्हणून. ताई, हे विशीतल्या मुलीला कुठल्या शिबिरात शिकायला मिळणार? ही म्हातारी तू तीन वर्षं रोज पाहिली आहेस. तिच्यासाठी तुला बोलावलं, ह्यात कमीपणा कसला?

एक गोष्ट मला तुझ्याजवळ कबूल करायची आहे. राज्य नाट्य स्पर्धेच्या अंतिम फेरीहून तू परत आलीस, गालावरचा रंगही नीट निघाला नव्हता, आणि मी म्हटलं, "आता पुरे झालं, नोकरीचं बघ." तू काही बोलली नाहीस. न्हाणीघरात खोबरेल लावून तोंड पुसत कितीतरी वेळ उभी होतीस. मला ते पाठमोरं उभं राहणं अजून दिसतं. पुढे धाकट्याच्या वेळी कुणीतरी "आता तुझ्याजोगतं काम नाही" म्हणालं आणि तू ते खरं मानलंस. पण त्याची सुरुवात माझ्यापासून झाली होती. माझं चुकलं.

हे काम केलंस की पुढे रांग लागेल, असं मी म्हणत नाही. कदाचित एवढंच एक मिळेल. फर्रुखजींनाही ठाऊक नव्हतं पुढे काय येणार आहे. आणि सगळ्यांच्या नशिबी ८८ व्या वर्षी बक्षीस नसतं, हे मला कळतं. पण काल "म्हातारीसाठी" म्हणताना तुझा आवाज चिरकला, त्यावरून मला समजलं की तुला जायचंय.

माळ्यावरच्या ट्रंकेत तुझी जुनी संहिता सापडली. समासात पेन्सिलीने लिहिलंयस, "इथे थांब. श्वास घे. मग बघ." कागद पिवळा पडलाय, पण अक्षर वाचता येतं. सोबत घेऊन येते.

तालीम संध्याकाळी सातला असते म्हणालीस ना? सोमवारी दुपारच्या गाडीने निघते. पहिला प्रयोग होईपर्यंत राहीन. मुलांचा अभ्यास, डबे, सगळं माझ्याकडे. उद्या सकाळी नाटकवाल्यांना फोन करून होकार कळव.

तुझी,
आई