बीपी मेंदूसाठी मोजायचं

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसच्या तपासणीत बीपी १४८/९२ आलं. धावपळीमुळे असेल, असं तू म्हणालीस. असेलही, पण ते घरी नीट मोजल्यावरच ठरेल. ४३ व्या वर्षी हा आकडा मी हृदयाइतकाच मेंदूसाठी मनावर घेतो.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू त्याला लागतो सुमारे २० टक्के, आणि साठा करून ठेवायची सोय नाही. खोलवरच्या भागाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या केसासारख्या बारीक असतात आणि मोठ्या वाहिनीतून थेट फुटतात, त्यामुळे तिथला दाब फारसा न ओसरता त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षं असं झालं की भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. एखादी बंद पडली की पुढच्या पेशी मरतात आणि दीड सेंटिमीटरहून लहान खड्डा राहतो. दुखत काहीच नाही. सुरुवात विसराळूपणानंच होते असंही नाही. आधी वेग जातो: हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एकदम जमत नाहीत, पावलं आखूड पडतात. घरचे म्हणतात, वय झालं.

अमेरिकेतल्या ‘स्प्रिंट माइंड’ अभ्यासात (२०१९) पन्नाशीपुढच्या लोकांचं वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला. त्या गटात सौम्य बौद्धिक घट १९ टक्क्यांनी कमी दिसली. डिमेन्शियाबद्दल (स्मृतिभ्रंशाबद्दल) मात्र ठाम निष्कर्ष निघाला नाही, तेव्हा कुणी तशी हमी दिली तर मानू नकोस.

आता मोजायचं कसं ते. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. लघवी करून ये. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. बाही गुंडाळून दंड आवळायचा नाही. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. हात खाली लोंबला, पायावर पाय टाकला, बोललीस किंवा पट्टा दंडाला लहान पडला, तर आकडा खोटा वाढतो. म्हणून यंत्र घेण्याआधी दंडाचा घेर टेपनं मोज. मनगटावरचं यंत्र नकोच.

सकाळी-संध्याकाळी, मिनिटभराच्या अंतरानं दोनदा, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढ. १३५/८५ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे जायचं, आणि गोळी सुरू झाली की ‘आता नॉर्मल आहे’ म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. नॉर्मल आहे ते गोळीमुळेच.

साखर आणि एलडीएलही (वाईट कोलेस्टेरॉल) त्याच खेपेला तपासून घे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून जरा कमी. लोणचं-पापड त्यातच धरायचे.

वहीतल्या आकड्यांचा फोटो पुढच्या रविवारी पाठव. वाईट आकडे गाळू नकोस.

तुझा,
बाबा