मालकाची मालमत्ता पवित्र, मग आमचे श्रम काय फुकटचे? गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्री साहेब,
स.न.वि.वि.

निवडणुकीआधी आमच्या कामगार वसाहतीत येऊन तुम्ही शब्द दिलेला, पर्यायी घर दिल्याशिवाय एकालाही बाहेर काढू देणार नाही. गेल्या आठवड्यात मालकाची माणसं पोलीस घेऊन आली आणि आमचं सामान रस्त्यावर फेकलं. आई दम्याची पेशंट, ती रात्रभर उघड्यावर बसून होती, पोरीची परीक्षा तोंडावर आलीये आणि तिची पुस्तकं कुठल्या गाठोड्यात गेली तेही कळत नाही. तुमच्या ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं की जागा मालकाची आहे, सरकार मधे पडू शकत नाही. आणि दुसऱ्याच दिवशी तुमचं भाषण, मालमत्तेचा हक्क हाच व्यक्तिस्वातंत्र्याचा पाया म्हणे. कोणाच्या स्वातंत्र्याचा साहेब?

भाषणात तुम्ही जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचं नाव घेतलंत. माणूस ज्यात स्वतःचे श्रम मिसळतो ते त्याचं होतं, असं तो १६८९ मध्ये सांगून गेला, आणि मला ते पटतं. पण तिथेच तो हेही म्हणतो की माझ्या नोकराने कापून काढलेली गवताळ मातीची ढेकळं माझी. ग्यानबाची मेख इथेच आहे, घाम नोकराचा आणि हक्क मालकाचा! माझ्या वडिलांनी या मालकाच्याच कारखान्यात आयुष्य घातलं, मीही तिथेच राबलो, मग आमचे श्रम कशात मिसळले ते सांगा की. हाच लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत भागधारक होता. इंग्लंडात चारेक हजार कायदे करून गावांची सामायिक जमीन कुंपणात घातली, तेव्हा गरिबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट कुणाला पवित्र वाटली नाही. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने गुलामगिरी बंद केली तर भरपाई म्हणून २ कोटी पौंड मालकांना, का तर त्यांची मालमत्ता गेली, आणि जे राबले त्यांना छदाम नाही, त्या भरपाईसाठी सरकारने काढलेलं कर्ज लोकांच्या टॅक्समधून फिटलं २०१५ मध्ये.

आम्हाला सांगता प्रत्येकाने स्वतःच्या पायावर उभं राहावं. मालक कुठे एकटा उभा आहे? त्याच्यामागे पोलीस, कोर्ट, रजिस्ट्रार सगळे आहेत आणि ते आमच्याही टॅक्सवर चालतात. त्याला गरज पडली की अख्खं सरकार धावतं आणि आम्ही हात पसरला की तुम्हाला व्यक्तिवाद आठवतो.

वसाहतीत अजून बरीच कुटुंबं आत आहेत, त्यांच्या दारावर नोटिसा लागल्यात. पर्यायी घरांची लेखी ऑर्डर काढा आणि ती हातात पडेपर्यंत पोलीस पाठवू नका, तोंडी शब्द आता कुणी घेणार नाही.

घराबाहेर काढलेला एक कामगार