सातपर्यंत मोजा

शेल्बी टाऊनशिप, मिशिगन
14 ऑक्टोबर

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोन मध्येच तुटला आणि बाबांचा प्रश्न तसाच राहून गेला. "पाटे नाहीत, स्प्रिंगा नाहीत, मग गाडी उभी कशावर आहे?" दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नाहीच, म्हणून लिहायला बसले.

शेजारच्या आजोबांची गाडी अखेर पूर्ण झाली. 1956 ची पॅकार्ड कॅरिबियन, छप्पर उघडणारी. पॅकार्ड म्हणजे डेट्रॉइटची जुनी मोटार कंपनी. त्या वर्षी अशा फक्त 276 गाड्या निघाल्या. ओहायोतल्या एका शेतावरच्या गोठ्यातून त्यांनी ती आणली, तेव्हा खालचा पत्रा बोट लावलं की गळून पडत होता. अकरा वर्षं ते तिच्यामागे होते. शेवटची तीन वर्षं दर शनिवारी वायरिंगला मी होते.

तर बाबा, धक्के सोसणाऱ्या पाट्यांच्या आणि स्प्रिंगांच्या जागी दोन लांब पोलादी दांडे आहेत, दोन्ही अंगांना एकेक. दांड्याचं एक टोक पुढच्या चाकाच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या हाताला, दुसरं त्याच बाजूच्या मागच्या चाकाच्या आर्मला. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की दांडा पिळला जातो आणि तो पीळ मागच्या चाकापर्यंत पोचतो. धक्का एका जागी न बसता सगळ्या गाडीत वाटला जातो, म्हणून नाक वर-खाली होत नाही. विल्यम अॅलिसन नावाच्या इंजिनिअरने हे शोधलं. पॅकार्डने 1955 मध्ये बसवलं आणि नाव दिलं टॉर्शन-लेव्हल.

खरी गंमत पुढे आहे. मागच्या बाजूला आणखी दोन आखूड दांडे आहेत आणि त्यांना एक विजेची मोटर जोडलेली. मागे माणसं बसली, डिकीत सामान भरलं की गाडी मागून बसते, हे तुम्हाला मी काय सांगणार! इथे ती बसली की एक स्विच लागतो, मोटर फिरते, दांड्यांना पीळ देते आणि गाडी पुन्हा सपाट होते. पण लगेच नाही. साधारण सात सेकंद थांबून. कारण दर खड्ड्याला मोटर धावली तर जळून जाईल. खड्डा क्षणात संपतो, माणूस मात्र बसून राहतो. हा फरक ओळखायला त्या काळी कॉम्प्युटर नव्हता, बाबा. सात सेकंदांच्या सबुरीवर सगळं काम चालायचं.

आमची मोटर दोन महिने ढिम्म होती. नवीन वायर टाकली, मोटर उघडून बघितली, काही नाही. शेवटी तुमचं आठवलं: आधी पॉइंट बघ, मग इंजिनला नावं ठेव. स्विच उघडला तर आतले पॉइंट, जिथे वीज जुळते ते, काळेठिक्कर! बारीक पॉलिश पेपरने घासले, फुंकर मारली, बॅटरी जोडली. जोडताना आजोबांनी माझा हात धरला, कारण या गाडीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला जातं आणि मी सवयीने उलटं लावणार होते. मग ते मागच्या सीटवर जाऊन बसले. मी चाकाशी उकिडवी बसून मोजत होते. सातला खालून घूं असा आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग त्यांना घेऊन हळूहळू वर आला. पिठाची गिरणी लांबून ऐकू येते ना, तसा आवाज. आजोबा किती तरी वेळ उतरलेच नाहीत.

फोटोत लांबी कळत नाही. 18 फुटांची गाडी आहे ही. तीन रंग, एकाखाली एक: पांढरा, कांद्याच्या सालीसारखा गुलाबट-जांभळा आणि करडा. बॉनेटवर हवा घेणारी वाटावीत अशी दोन तोंडं, मागे दोन उंच दिवे. रिचर्ड टीग या डिझायनरने काढलेल्या त्या दिव्यांना इथे कॅथीड्रल म्हणतात. 6.1 लिटरचं व्ही-8 इंजिन, दोन कार्बुरेटर, 310 हॉर्सपॉवर. गिअरला दांडी नाही, स्टिअरिंगजवळ बटणं. तो काळच जेटचा होता. जिला तिला विमानासारखं दिसायचं होतं. बाकीच्या कंपन्यांनी शेपट्या लावल्या. पॅकार्ड मात्र खरोखरच विमानांची इंजिनं करत होती, दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची 55 हजारांहून जास्त मर्लिन इंजिनं आणि पुढे इथूनच जवळ, युटिकाच्या कारखान्यात, जे-47 जेट इंजिनं. म्हणून मला हिचा डौल उसना वाटत नाही.

आणि इतकं सगळं करूनही 25 जून 1956 ला डेट्रॉइटमधलं पॅकार्डचं उत्पादन थांबलं. हे मला फार लागतं. कंपनीला घरघर लागलेली असताना कुणीतरी बसून सात सेकंदांचा विचार केला, सीटच्या गाद्यांचा विचार केला. ईस्ट ग्रँड बुलेवार्डवरचा त्यांचा जुना कारखाना 2022 पासून पाडायला घेतला. मी एकदा बघून आले. काँक्रीटचे खांब, आत उगवलेली झाडं. पुन्हा गेले नाही.

आई, गाद्यांचं तुझ्यासाठी. या गाडीच्या गाद्या उलटसुलट बसवता येतात. एका बाजूला चामडं, दुसऱ्या बाजूला विणीचं कापड. ऊन असलं की कापड वर, पावसाळी हवेत चामडं वर. कापडाची कड शिवताना तू गोधडीला घालतेस तसा धावदोरा आधी घातला आणि मग मशीन मारलं. आजोबांनी कड उलटी करून पाहिली आणि विचारलं, हे कुठे शिकलीस? मी तुझा फोटो दाखवला.

गेल्या शनिवारी आम्ही तिला पॅकार्डच्या जुन्या चाचणी मैदानावर नेलं, घरापासून दहा मिनिटांवर. छप्पर खाली केलं. आजोबा नऊ वर्षांचे असताना त्यांनी अशी गाडी रस्त्यावर पाहिली होती, एकदाच. परतताना किल्ली माझ्या हातात दिली. रेल्वेच्या रुळांवरून गेलो तेव्हा आरशातलं झाड हललंसुद्धा नाही. मनात म्हटलं, हे बाबांनी बघायला हवं होतं. आयुष्यभर गाड्यांखाली पाठीवर झोपून तुम्ही जे सांभाळलंत, ते आता माझ्या हातांना कळतं.

मे महिन्याची तिकिटं पक्की करा. गुडघ्यांची सबब चालणार नाही. दार रुंद आहे. मागची सीट तुम्हा दोघांसाठी राखून ठेवली आहे, आजोबांनीच सांगितलंय. बसा, बोलू नका, सातपर्यंत मोजा.

आणि आई, गाद्या कापडाकडून ठेवू की चामड्याकडून, तेवढं कळव.

तुमची,
धाकटी