साडेनऊ पुस्तकं आणि अर्धं ओढलेलं शटर

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर आला की आपल्या रविवारच्या पुरवणीत 'यंदा काय वाचलं' अशा याद्या येतात. लिहिणारे प्राध्यापक, समीक्षक नाहीतर लेखक. एकेकाची पंचवीस-तीस पुस्तकं, बहुतेक त्याच वर्षी छापलेली आणि एकही अर्धवट न सोडलेलं! मी सदाशिव पेठेत मिक्सर-इस्त्री दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो. माझी यादी साडेनऊची. त्यातलं नवं कोरं एकच, आणि तेच अर्धं राहिलं. तरी पाठवतो आहे.

वेळ कुठून काढतो ते आधी सांगतो. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात यावर भरपूर विनोद करून झालेत. गिऱ्हाइकाला वाटतं, मालक आत घोरतोय. मी शटर अर्धं ओढून काउंटरमागे वाचत बसतो. कुणी वाकून 'आहे का कुणी?' म्हटलं तर गप्प राहतो, हेही कबूल करून टाकतो.

सगळ्यात जास्त दिवस पुरलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. पहिला भाग 1934 चा, म्हणजे भाषा जड असणार असं धरून बसलो होतो. पण ही तर ओट्यावर बसून गोष्ट सांगावी तशी सांगते. वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. अशा घरातली मुलगी, आणि नवरा कवी ना. वा. टिळक, मनाला येईल ते करणारा, घरातलं दुसऱ्यांना वाटून टाकणारा. 1895 साली तो ख्रिस्ती झाला. पाच वर्षांनी तिनेही बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात तिचं काय झालं असेल ते ती सांगते, पण गळा काढत नाही. उलट स्वतःची फजिती अशी रंगवते की एका दुपारी मी बंद दुकानात मोठ्याने हसलो आणि बाहेरच्या बाईंना कळलं, आत माणूस आहे. त्यांच्या मिक्सरचा कपलर मग मुकाट्याने बदलून दिला.

घरी नेल्यावर बायकोने हे पुस्तक माझ्याआधी संपवलं. तिचं मत : टिळक कवी म्हणून थोर असतील, संसाराला असा माणूस नको. मी टिळकांची बाजू घेऊ लागलो तर म्हणाली, "तुम्ही दुकान असं वाटून टाका, मग बोलू." विषय तिथेच संपला.

दुसरं मनात बसलं ते गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. वरसईचे विष्णुभट, घरात कर्ज, म्हणून दानदक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि नेमके 1857 च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी गावात राहून पाहिला. राणीवर मी शाळेपासून वाचत आलोय, पण इथे सांगणारा पोटापाण्यासाठी बाहेर पडलेला भिक्षुक आहे. त्याला भीती वाटते, भूक लागते, जमवलेले पैसे लुटले जातात. शेवटी पैशाच्या नावाने खडखडाट, पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्याने चालत घरी आणली. धंदा करणाऱ्याला हा हिशेब पटायला नको. डोळे भरले ते भरलेच. बंडाला पन्नास वर्षं झाल्यावर, 1907 मध्ये, चिं. वि. वैद्यांनी हे छापून काढलं. नाहीतर कुठल्यातरी माळ्यावर वाळवीने खाल्लं असतं.

भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला' अप्पा बळवंत चौकात जुन्यात 80 रुपयांना मिळालं. विशीत असताना विसाव्या पानावर सोडलं होतं. आता त्यातला नायक पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येऊन जे काय करतो ते नीट कळलं. हॉस्टेलची पोरं माझ्याकडे इस्त्री, केटल घेऊन येतात, त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागलो. (उधारी ती अजूनही देत नाहीत.) पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाची पानं वाचली आणि पुस्तक मिटलं, दोन दिवस उघडवलं नाही. त्यानंतरचा भाग मला लांबल्यासारखा वाटला. जाणकार रागावतील, रागावू देत.

'बनगरवाडी' दोन दुपारीत झालं. शेवटी दुष्काळाने वाडी रिकामी होते तेव्हा बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत होते, ते ऐकू येईनासे झाले होते. 'रणांगण' हातात घेतलं ते केवळ बारीक दिसलं म्हणून. बोटीवरची गोष्ट आहे, शेवट सांगत नाही.

दया पवारांच्या 'बलुतं' या दलित आत्मकथनाबद्दल मला धड लिहिता येणार नाही. पेठेत वाढलेल्या माणसाने हे पुस्तक पन्नाशीत वाचावं याचीच लाज वाटली. माझ्याच वयाचा एक मदतनीस दुकानात आहे. त्याने ते केव्हाच वाचलं होतं, आणि इतक्या वर्षांत मला एकदाही बोलला नव्हता.

'एक होता कार्व्हर' भाचीला शाळेत बक्षीस मिळालेलं. भंगारातल्या बाटल्या-डबे गोळा करून प्रयोगशाळा उभी करणारा हा अमेरिकन शास्त्रज्ञ आमच्या जातकुळीचा. भाचीने अजून उघडलेलं नाही. दोन रहस्यकथा रद्दीतून आल्या, मुखपृष्ठं फाटलेली, म्हणून नावं सांगता येत नाहीत. आणि अर्धं राहिलेलं? पुतण्याने दिलेलं, यशस्वी कसं व्हावं ते शिकवणारं. पहाटे पाचला उठायला सांगतं. मी साडेपाचला उठतोच, दूधवाला बेल मारतो.

तर विनंती अशी, की पुढच्या वर्षी त्या पानावर प्राध्यापकांच्या शेजारी एखादा रकाना रिक्षावाल्याला, नर्सबाईंना, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंना द्यावा. जुनी पुस्तकं, अर्धवट सोडलेली पुस्तकं, सगळं चालेल असं वर छापावं.

आपला,
एक मिक्सरवाला वाचक, सदाशिव पेठ, पुणे

ता. क. : त्या रहस्यकथांपैकी एकीचं शेवटचं पान नाही. माथेरानच्या बंगल्यात घड्याळजीचा खून होतो आणि संशय तीन भावांवर असतो. कुणी वाचली असेल तर खुनी कोण ते येऊन सांगावं. एक ते चारमध्ये आलात तरी चालेल, शटर वाजवा.