उभे की बसून? कलाकाराला आधी विचारा

मा. संपादक,
स. न.

एकट्याने गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकाराला आयोजकांकडून, स्पर्धेच्या परीक्षकांकडून आणि हल्ली चित्रीकरण करणाऱ्यांकडूनही एक सूचना हमखास मिळते : ‘उभे राहून करा, बसून उठाव येत नाही.’ याच्या उलट आग्रह धरणारेही आहेत, गंभीर संगीत म्हटले की बसूनच, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही सूचना बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या दिवशी, ध्वनिचाचणीच्या गडबडीत कानावर पडतात. ऐनवेळी आसन बदलले की श्वास बदलतो, मनगटाचा कोन बदलतो, मायक्रोफोनची जागा चुकते आणि मागच्या रांगांना काय दिसते तेही बदलते. महिनाभर खुर्चीत बसून बसवलेली रचना उभे राहिल्यावर हाताला परकी वाटते. म्हणून हा निर्णय कलाकाराने तालमीच्या सुरुवातीलाच घ्यावा आणि मंच त्यानुसार लावला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

‘उठाव’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया यांनी डावा पाय बुटक्या स्टुलावर ठेवून, खुर्चीत बसून मोठमोठी सभागृहे एका गिटारवर बांधून ठेवली. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप रॉक बँडमध्येही बसूनच वाजवत आले. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग उत्तरायुष्यात खुर्चीतूनच वाजवत आणि गात. दुसरीकडे रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड यांनी पियानोसारखे बसायचे वाद्य उभ्याने वाजवले. ऐकणाऱ्यांनी दोन्ही डोक्यावर घेतले.

गळ्याने गाणाऱ्यांना उभे राहणे सोयीचे, हे मात्र खरे. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते आणि पोटातल्या अवयवांना खाली व पुढे लोटते. उभे असताना त्यांना सरकायला जागा असते, बरगड्याही बाजूंनी मोकळ्या फुलतात. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर गेले की पोट दुमडते, कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि श्वासपटलाची वाट अडते. मग लांब ओळ मध्येच तुटते आणि वरच्या स्वरांसाठी मान पुढे काढून जोर लावावा लागतो. यातला खरा दोष गुडघे वर जाण्याचा आहे. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच ठेवली की बसूनही श्वासाला पुरेशी जागा मिळते.

मांडी घालून बसणाऱ्यांनी यासाठी टणक उशी किंवा घट्ट घडी घातलेली चादर घ्यावी, उंची ८ ते १० सेंमी. ती फक्त बैठकीच्या हाडांखाली यावी, मांड्यांखाली नाही. गुडघे आपोआप खाली झुकले तर उंची बरोबर आहे. मंचावर अंथरलेली फोमची जाड गादी दिसायला ऐसपैस, पण तिच्यात बैठकीची हाडे रुततात, गुडघे वरच राहतात आणि दहा मिनिटांत पाठ गोल होते. पातळ सतरंजी आणि तिच्यावर टणक आसन हे केव्हाही बरे. हार्मोनियम स्वतः वाजवत गाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळावी : आसन जेवढे उचलले तेवढी पेटीही फळीवर उचलून घ्यावी. नाहीतर पट्ट्या खाली राहतात, भात्याच्या हातासाठी तो खांदा पुढे ओढला जातो आणि उशीने मिळवलेले सगळे गमावले जाते. पायाला मुंग्या येतात त्या अनेकदा गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारी नस दबल्यामुळे. दोन रचनांच्या मध्ये वरचा पाय खाली घ्यावा. पाऊल बधिर असताना नमस्कारासाठी झटकन उठू नये, घोटा मुरगळतो.

उभे राहणाऱ्यांचे बहुधा गुडघ्यात बिघडते. घाबरलेला माणूस गुडघे मागे ताणून ताठ उभा राहतो. पायांचे स्नायू हलत नाहीत, रक्त पायांत साचते, आणि गरम दिव्यांखाली बराच वेळ असे उभे राहिल्यास चक्कर येऊ शकते. पावले खांद्यांएवढ्या अंतरावर, गुडघे किंचित सैल आणि वजन दोन्ही पायांवर सारखे, असे उभे राहण्याची सवय घरीच लावावी लागते. तालीम अनवाणी आणि कार्यक्रम उंच टाचांत, असेही करू नये. टाच उंचावली की कमरेचा बाक बदलतो आणि श्वासाचा आधारही.

सर्वांत जास्त घोटाळा गिटार वाजवणाऱ्यांचा होतो, तेव्हा तिथे जरा थांबतो. उजव्या मांडीवर ठेवलेली गिटार शरीराच्या उजवीकडे असते आणि तिचा दर्शनी भाग थोडा वर कलतो, त्यामुळे पडदे (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दिसतात. पट्ट्याने गळ्यात अडकवली की ती पोटासमोर मध्यभागी येते, म्हणजे गिटारची मान (तारा दाबायचा लांब दांडा) डावीकडे सरकते. पहिल्या पडद्यावरचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) तेवढे लांब जातात. शिवाय वाद्य पोटाला सपाट टेकते आणि पडदे दिसेनासे होतात. ते पाहायला वाकले की मान आणि पाठ दोन्ही जातात. गिटारच्या मानेच्या वरच्या कडेला बारीक ठिपके असतात ते याचसाठी, नजर त्यांच्यावर ठेवण्याची सवय करावी.

पट्ट्याची लांबी ठरवायची रीत अशी. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात ताठ बसा, गिटार नेहमीच्या जागी धरा आणि पट्टा नुसता ताणला जाईल इतकाच ठेवून बकल लावा. आता उभे राहा. गिटार चार बोटे जरी खाली उतरली तरी पट्टा कमी करा. बसून आणि उभ्याने वाद्य एकाच उंचीवर राहिले की डाव्या हाताला फरक जाणवत नाही. गिटार मांडीपर्यंत लोंबती ठेवणाऱ्यांचे मनगट आत दुमडते, बोटांचा फाक कमी होतो आणि बारे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचा) वाजत नाही. मग जोर लावला जातो आणि दुखणे मागे लागते. तपासण्याची खूण सोपी आहे : कोपरापासून हाताच्या पाठीपर्यंत रेघ जवळजवळ सरळ दिसली पाहिजे. पट्टा किमान ५ सेंमी रुंद हवा. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार साडेतीन-चार किलोंच्या घरात जाते, अरुंद पट्टा तेवढे वजन खांद्यात रुतवतो. गुळगुळीत नायलॉनचा पट्टा रेशमी कापडावर घसरतो आणि गिटारचे डोके खाली पडू लागते, मग डावा हात वाजवायचे सोडून मान धरून बसतो. आतली बाजू खरखरीत चामड्याची असली की हे टळते. पट्ट्याच्या खुंटीचा स्क्रू सैल झालेला नाही ना, हे प्रत्येक कार्यक्रमाआधी बोटाने फिरवून पाहावे.

बसून वाजवायचे तर खुर्चीला हात नकोत. उजवे कोपर आणि गिटारचा खालचा फुगवटा दोन्ही त्यांना अडतात. चाकेही नकोत. घडीच्या खुर्च्यांची बैठक बहुधा मागे उतरती असते. तीच वापरावी लागली तर मागच्या दोन पायांखाली सारख्या जाडीचे, न घसरणारे दोन-तीन सेंमीचे ठोकळे घालावेत. चेलो वाजवणारे हा उपाय करतात आणि तो गायकालाही तितकाच लागू पडतो. दांडी असलेला उंच स्टूल हा मधला मार्ग : मांड्या उतरत्या राहतात, पोट मोकळे राहते, एक पाय दांडीवर आणि एक जमिनीवर. मात्र दांडीवरचा पाय घसरला की गिटारही घसरते, म्हणून बसूनही पट्टा लावावा.

आता मायक्रोफोन. तोंड मायक्रोफोनपासून ५ सेंमीवरून १० सेंमीवर गेले की पातळी साधारण ६ डेसिबलने पडते. उभा गायक तालात डोलतो तेव्हा एवढे अंतर सहज बदलते, आणि ध्वनिव्यवस्थापक नसलेल्या गोष्टीमागे धावत राहतो. बसलेल्या माणसाचे डोके तितके हलत नाही, आवाज एकसारखा जातो. गिटारच्या बाबतीत हा फायदा आणखी मोठा आहे. बसून वाजवणाऱ्यासमोर, गिटारची मान धडाला मिळते त्या जागेकडे रोखून २० ते ३० सेंमीवर मायक्रोफोन ठेवता येतो आणि वाद्याचा लाकडी आवाज जसाच्या तसा मिळतो. उभा वादक इकडेतिकडे वळतो, त्याला बहुधा पिकअप (वाद्यालाच बसवलेले, कंपने टिपणारे उपकरण) वापरावा लागतो, आणि पिकअपचा आवाज कितीही सावरला तरी वेगळाच येतो. शांत, बारकाव्यांच्या रचनांसाठी बसण्याची बाजू आम्हाला घ्यावीशी वाटते ती मुख्यतः यामुळे.

बसलेल्या कलाकारासमोर गोल बुडाचा सरळ स्टँड ठेवू नये, बुड पावलांना आणि दांडा गिटारला लागतो. आडव्या दांड्याचा तिपाई स्टँड बाजूने आणावा आणि तिपाईचा एक पाय दांड्याच्या दिशेलाच ठेवावा, नाहीतर मायक्रोफोनच्या वजनाने तो कलंडतो. मायक्रोफोन हनुवटीच्या किंचित वर असावा. खूप खाली राहिला की गायक मान खाली घालून गातो आणि आवाज घशातच अडकतो. दांडा वरून खाली आणला तर आणखी एक अडचण उभी राहते. कार्डिऑइड प्रकारचा (मुख्यतः समोरचे ऐकणारा) मायक्रोफोन त्याच्या शेपटीच्या दिशेने सर्वांत कमी ऐकतो, म्हणून कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा जमिनीवरचा मॉनिटर स्पीकर बरोबर त्या दिशेत ठेवतात. मायक्रोफोन वरून खाली झुकवला की शेपूट छताकडे जाते, मॉनिटर त्याला बाजूने ऐकू येऊ लागतो आणि शिट्टी सुरू होते. दांडा खालून वर असा ठेवला की बहुतेक वेळा ती थांबते. मॉनिटरचे तोंड उभ्या माणसाच्या कानाकडे रोखलेले असते. कलाकार बसल्यावर आवाज डोक्यावरून जातो, तो ‘अजून वाढवा’ म्हणतो आणि पुन्हा शिट्टी वाजते. मॉनिटर कलाकाराच्या जवळ सरकवावा किंवा त्याचा कल कमी करावा. पायाने ताल धरणाऱ्यांचा धपधप आवाज पोकळ लाकडी मंचातून स्टँडमध्ये चढतो. पावलाखाली आणि स्टँडखाली रबरी चटई घालावी, आणि गाण्याच्या चॅनलवर ८० ते १०० हर्ट्‌झच्या खालचा, म्हणजे खर्जाचा, भाग कापावा.

प्रेक्षकांच्या नजरेचा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. मध्यम उंचीचा माणूस खुर्चीत बसला की त्याचे डोके उभ्यापेक्षा सुमारे ३० ते ३५ सेंमी खाली येते, मांडी घातली की ७० ते ७५ सेंमी. सपाट जमिनीवर खुर्च्यांच्या रांगा असतील तर खुर्चीतला कलाकार दुसऱ्या रांगेपासूनच झाकला जातो आणि त्याची बोटे तर कोणालाच दिसत नाहीत. ‘बसून उठाव येत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. कलाकाराला उभे करण्याऐवजी त्याच्या खुर्चीखाली ३५ सेंमीचा भक्कम चौथरा ठेवला की काम होते, मांडी घालणाऱ्याला त्याच्या दुप्पट लागतो. दिवेही कलाकार बसल्यावरच रोखावेत. उभ्या माणसासाठी लावलेला वरचा दिवा वाद्यावर वाकलेल्या चेहऱ्यावर नुसती सावली पाडतो.

कीबोर्डबद्दल थोडक्यात. उभ्याने वाजवताना पट्ट्या कोपराच्या पातळीला किंवा किंचित खाली हव्यात. फुलीच्या आकाराचा स्टँड जितका उंच करावा तितके त्याचे पाय जवळ येतात आणि तो डुलतो, म्हणून चार पायांचा घ्यावा. सस्टेन पेडल (स्वर लांबवणारे, पायाने दाबायचे) उभ्याने वापरायचे तर सगळे वजन एका पायावर येते, तासाभरात कंबर बोलू लागते. पेडल जिथे वारंवार लागते त्या रचना बसूनच वाजवाव्यात. व्हायोलिन उभ्याने वाजवायची सवय असलेल्यांनी बसताना उजवा पाय मागे घ्यावा, नाहीतर सर्वांत वरच्या तारेवर गज मांडीला आपटतो. भारतीय पद्धतीत वादक मांडी घालून व्हायोलिनचे टोक उजव्या पावलावर टेकवतात, त्यामुळे डावा हात वाद्य तोलण्यातून मोकळा होतो आणि मींड, गमक सहज घेता येते. तोच वादक उभा केला तर त्याचे तंत्रच काढून घेतल्यासारखे होते.

एकाच कार्यक्रमात बसून आणि उभ्याने अशा दोन्ही रचना असतील तर त्या आलटून-पालटून घेऊ नयेत. प्रत्येक बदलाला स्टँड, मॉनिटर आणि दिवा हलवावा लागतो, तेवढ्यात रंग उतरतो. बसून करायचे आधी, उभ्याने करायचे नंतर, आणि मध्ये एकच बदल. दोन्ही उंचींसाठी दोन स्टँड आधीच लावून ठेवले तर तो बदल अर्ध्या मिनिटात उरकतो.

स्पर्धांच्या नियमावलीतून ‘उभे राहून सादर करणे बंधनकारक’ हे वाक्य काढून टाकावे, अशी आमची विनंती आहे. त्या एका वाक्याने व्हीलचेअर वापरणारे, गुडघ्यांचे रुग्ण आणि बसूनच शिकलेले वादक, सगळेच बाहेर राहतात. त्याऐवजी प्रवेशअर्जात विचारावे : उभे, खुर्चीत की मांडी घालून, मध्ये बदल आहे का, खुर्चीची उंची किती हवी, आणि वाद्याला मायक्रोफोन की पिकअप. उत्तरे ध्वनिव्यवस्थापकाकडे आदल्या दिवशी पोहोचली पाहिजेत. आणि कोणी काही कळवले नसले तरी हात नसलेली, सपाट बैठकीची, ४५ सेंमी उंचीची एक साधी खुर्ची पडद्यामागे तयार ठेवावी.

आपले,
वाद्यवादन शिकवणारे आणि मंचावरील ध्वनिव्यवस्था पाहणारे काही वाचक