फर्मवेअर अपडेटमध्ये पुसले गेलेले सर्टिफिकेट आणि सपोर्टचा घातक सल्ला: तक्रार पत्र

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
सर्व्हर विभाग

विषय: फर्मवेअर अपडेटनंतर सर्व्हरच्या बीएमसीवरील (सर्व्हर दुरून हाताळण्यासाठी त्याच्या बोर्डावर असलेल्या स्वतंत्र चिपवरील) आमचे सर्टिफिकेट नाहीसे होणे व ते पुन्हा बसवता न येणे

महोदय,

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात वाहनांचे सुटे भाग बनतात. उत्पादनाचे नियोजन, बारकोड आणि डिस्पॅच असे सगळे काम आपल्या कंपनीच्या सर्व्हरवर चालते. रात्री वीज जाऊन आली की आमचा इंजिनिअर पाथर्डी फाट्यावरच्या घरून व्हीपीएन लावतो, बीएमसीत शिरतो आणि सर्व्हर चालू करतो. तिसरी पाळी या सोयीच्या भरवशावर चालते.

आपण पाठवलेले बीएमसीचे फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतले सॉफ्टवेअर, आम्ही लगेच चढवले. उशीर करणे परवडणारे नव्हते. मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधील सीव्हीई-2024-54085 या त्रुटीतून लॉगिन न करताच आत शिरता येते, आणि जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत असल्याचे जाहीर केले. आपला बोर्ड वेगळा असला तरी धोका त्याच जातीचा आहे. सर्व्हर बंद असला तरी केबलला वीज असेपर्यंत बीएमसी जागी असते. तिच्यातून कन्सोल दिसतो, दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चढवता येते, सर्व्हर बंदही करता येतो. तिचा ताबा गेला तर वरच्या अँटिव्हायरसचा काही उपयोग नाही.

अपडेटसोबतच्या माहितीपत्रात ‘सर्व सेटिंग्ज कायम राहतील’ असे छापले होते. आयपी पत्ते आणि युजर राहिले. समोर आमचाच सर्व्हर आहे हे ब्राउझरला पटवणारे आमचे सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की (गुप्त किल्ली) मात्र गेली, आणि त्याजागी बोर्डाने स्वतःच सही केलेले सर्टिफिकेट येऊन बसले. नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या एनटीपीची सेटिंगही उडाल्याने घड्याळ 1970 वर गेले होते. त्यामुळे हे नवे सर्टिफिकेट जन्मतःच मुदत संपलेले निघाले. लॉगवरही त्याच तारखा पडल्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार घड्याळे जुळलेली ठेवणे आणि 180 दिवसांचे लॉग जपणे आमच्यावर बंधनकारक आहे. ऑडिटरला हे लॉग कसे दाखवायचे?

पुढे जे घडले ते जास्त गंभीर आहे. आमची मॉनिटरिंग यंत्रणा सर्टिफिकेट तपासल्याशिवाय बीएमसीशी बोलत नाही. तिने अनोळखी सर्टिफिकेट नाकारले, आणि तसेच व्हायला हवे होते. मात्र त्यामुळे सर्व्हरच्या दोनपैकी एक पॉवर सप्लाय बंद पडल्याची सूचना आम्हाला मिळालीच नाही. सर्व्हर रूममध्ये गेलेल्या माणसाला पिवळा दिवा दिसला, तेव्हा कळले. तोवर दुसराही गेला असता, तर डिस्पॅच थांबून गाड्या गेटवर उभ्या राहिल्या असत्या.

सर्टिफिकेट पुन्हा बसवायला गेलो तर तेही जमेना. बीएमसीच्या आपल्या पानावरून तयार होणाऱ्या सीएसआरमध्ये, म्हणजे सर्टिफिकेट मागण्याच्या अर्जात, सॅन (सर्व्हरची नावे व पत्ते लिहिण्याचा रकाना) भरायला जागाच नाही, फक्त कॉमन नेम हा जुना नावाचा रकाना आहे. क्रोम ब्राउझरने 2017 सालीच कॉमन नेम पाहणे सोडून दिले! प्रायव्हेट की बाहेर तयार करून चढवावी, तर आमचे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेशी जोडणारे मधले, म्हणजे इंटरमीडिएट सर्टिफिकेट स्वीकारले जात नाही. रेडफिश या सर्व्हर दुरून हाताळण्याच्या मानकातच प्रोग्रॅममधून सर्टिफिकेट बदलण्याची सोय आहे आणि आपल्या माहितीपत्रकातही ती लिहिली आहे. प्रत्यक्षात एरर येते. जुन्या आवृत्तीवर परतण्याची वाटही आपण बंद ठेवली आहे.

या सगळ्यावर आपल्या सपोर्टचे लेखी उत्तर असे: ‘वॉर्निंग स्वीकारून पुढे जावे, आणि मॉनिटरिंगमधील तपासणी बंद ठेवावी.’ महोदय, या उत्तराची मला खरी चीड आली. ब्राउझरने इशारा दिला की हात थांबवायचा, फोन करून विचारायचे, ही सवय मी माझ्या विभागातल्या मुलांना मोठ्या कष्टाने लावली आहे. रात्री अर्धवट झोपेत ॲडमिनचा पासवर्ड टाकताना समोर आपलाच सर्व्हर आहे की मध्येच कुणी बसले आहे, हे ओळखायचे त्यांच्याकडे दुसरे साधन नाही. ती सवय मोडा, असे सुरक्षेच्या नावाखाली अपडेट विकणारी कंपनी सांगते, हे मला मान्य नाही.

सर्टिफिकेट हाताने बदलण्याचे दिवसही सरत आले आहेत. आम्ही सार्वजनिक सीएकडून (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून) सर्टिफिकेट घेतो. ठरलेल्या वेळापत्रकानुसार त्यांची कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, 2027 च्या मार्चपासून 100 आणि 2029 च्या मार्चपासून अवघे 47 दिवस आहे. रेडफिशमधून नूतनीकरण होत नसेल, तर हा बोर्ड आम्ही वापरायचा कसा?

म्हणून मागणी अशी की, सर्टिफिकेट आणि एनटीपी सेटिंग जपणारे, सॅन व इंटरमीडिएट स्वीकारणारे फर्मवेअर कोणत्या तारखेला देणार, ते लेखी कळवावे. तोपर्यंत आपला इंजिनिअर नाशिकला पाठवून आमचे सर्टिफिकेट बसवून द्यावे. त्याचा खर्च एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) धरावा. वॉर्निंग स्वीकारण्याचा सल्ला लेखी मागे घ्यावा. माहितीपत्रातील ते चुकीचे वाक्यही आजच दुरुस्त करावे, कारण सातपूर-सिन्नरच्या कारखान्यांतही आपले हेच सर्व्हर आहेत आणि तिथे अपडेट अजून व्हायचे आहे.

सपोर्टशी झालेला पत्रव्यवहार, एररचे स्क्रीनशॉट आणि खरेदी आदेशाची प्रत सोबत जोडली आहे.

आपला,
संगणक विभाग प्रमुख
अंबड, नाशिक