मांडवाला पैसे होते, कठड्याला नाहीत : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेल्या आठवड्यात माझी पत्नी घसरून पडली. उजवं मनगट मोडलं. गावाचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, तिथं नारळ तुम्हीच फोडलात. कठडा, पायऱ्यांची दुरुस्ती आणि बायकांना कपडे बदलायला खोली, एवढं तुम्ही माइकवरून कबूल केलं होतंत. कोनशिला बसली. तिच्यानंतर एक वीट आलेली नाही. निदान ती कोनशिला चार फूट उंच केली असती तर बायकांना आडोसा तरी झाला असता.

पायऱ्यांवर बोटभर शेवाळ, त्यात साबणाचा आणि शाम्पूच्या पुड्यांचा बुळबुळाट. दोघींनी लुगडं आडवं धरायचं आणि तिसरीनं त्यामागे कपडे बदलायचे, ही तिथली सोय. माझी पत्नी तेच लुगडं धरून उभी होती. दोन्ही हात गुंतलेले, पाय सटकला, धरायला काही नाही. सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढणारा माणूस सोमवारी येतो म्हणे. हाड मोडायचा वार ठरलेला असतो हे आम्हाला माहीत नव्हतं. खाजगीत गेलो, पैसे मोजले. इकडे केळीची नवती (नव्या लागवडीची) बाग कापायला आलेली, दवाखान्याच्या फेऱ्यांत कापणी लांबली आणि व्यापाऱ्यानं भाव पाडून माल नेला. सकाळचा चहासुद्धा सध्या मीच करतो, आणि तो कसा होतो हे घरच्यांना विचारा.

याच उन्हाळ्यात लेक-जावयानं आम्हाला पोर्तुगालच्या मदैरा बेटावर नेलं होतं. तिथं पोर्तो मोनिझ नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. आसपासच्या वाड्या-वस्त्या धरून अडीच हजाराच्या आसपास माणसं. आमच्याकडे एवढी एका गल्लीच्या लग्नाला जमतात. ज्वालामुखीचा लाव्हा समुद्रात उतरून थिजला, त्या काळ्या खडकांच्या खळग्यांत भरतीचं पाणी येतं आणि आपोआप बदलतं. माणसांनी काय केलं? थोडी भिंत घातली, उतरायला पायऱ्या आणि कठडे केले, कपडे बदलायच्या खोल्या बांधल्या, नजर ठेवायला जीवरक्षक बसवला. तिकीट तीनेक युरो. बाहेर अटलांटिक खडकावर आपटतोय आणि आत पाणी शांत. माझी पत्नी पंजाबी ड्रेसवर कठडा धरून उतरली. नाकात खारं पाणी गेलं तरी हसत होती.

लाव्ह्याचं काय कौतुक, अख्खं दख्खन त्यावरच उभं आहे, साडेसहा कोटी वर्षांपासून. भेगांतून खोल गेलेलं पाणी तापून वर येतं. अडावदजवळचं उनपदेव, शहाद्याकडचं उनपदेव, सगळं निसर्गानं फुकट दिलंय. ‘ते श्रीमंत, आपण गरीब’ हे ऐकवू नका. आमच्या वेल्डरच्या हिशेबानं कठडा पन्नास हजारांत होतो. तुमच्या कार्यक्रमाच्या मांडवाला आणि फेट्यांना याहून जास्त लागले. आकडा चुकत असेल तर बिलं दाखवा.

मदैरात केळीही आहे, आपल्यापेक्षा चिमुकली, डोंगरउतारावर. लेवाडा नावाच्या शेकडो वर्षांपूर्वीच्या पाटांनी तिला आजही पाणी मिळतं. आमच्या पांझरा नदीवरची फड पद्धत, बंधारे घालून पाटानं शेतांना पाणी वाटायची, ती काय कमी जुनी होती? तिची आबाळ केलीत आणि इकडे तापीवर पाडळसे दिलंत. १४२ कोटींचं धरण साडेचार हजार कोटींच्या पुढे गेलं आणि पाणी अजून भाषणातच वाहतंय. पर्यटन म्हटलं की तुम्हाला कोकण आणि महाबळेश्वर दिसतं. खानदेश आठवतो मे महिन्यात, टीव्हीवर भुसावळचं तापमान दाखवायला. मतांच्या वेळी मात्र बांधापर्यंत गाडी येते.

हे वाचून शेजारचे आप्पा म्हणाले, “कसाले लिखस भो? कोन वाचस?” त्यांचंही खरं असेल.

पौषात कुंडावर गर्दी होईल. तोवर तुमची मंजुरी येईल असं वाटत नाही, म्हणून आम्ही वर्गणी काढून कठड्यासाठी पाइप आणतोय. जागा सरकारी आहे म्हणून काम अडवायला माणसं तेवढी पाठवू नका. ती मात्र वेळेवर येतात.

आपला,
एक केळी उत्पादक